लेकीचे दात कुणावर गेले?

प्रश्न : माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे. तिचे वरचे पुढचे दात पुढे आलेत आणि दोघांच्या मधे फट आहे. खालचे चार दात एकमेकांवर चढलेत. वर्षापूर्वी खालची उजवीकडची दुधाची शेवटची दाढ फार किडली होती म्हणून काढून टाकली. लहानपणापासून अंगठा चोखते. दिवसा सुटलं, झोपेत चालूच आहे. झोपताना तोंड उघडं असतं. सासूबाई म्हणतात, जबडा आमच्याकडचा नाजूक आणि दात हिच्या माहेरचे मोठे, म्हणून मावत नाहीत. (त्यांचे स्वतःचे पुढचे दातही अलीकडे पसरलेत, पण ते म्हणे वयामुळे.) एक डॉक्टर म्हणाले आत्ताच प्लेट लावू, दुसरे म्हणाले बाराव्या वर्षी तारा लावू, तोवर काही नको. मिस्टर म्हणतात, तारा लावायच्या तर चांगले दात काढतात आणि त्यानं डोळे अधू होतात. हे नक्की कशामुळे झालं आणि मी आता काय करू? ता. क. धाकट्याला नवव्या महिन्यात वरचे दात आधी आले. त्यावरूनही घरात कुजबुज चालू आहे.
– एक आई, कराड

ताई,

तुमचं पत्र वर थोडक्यात दिलंय. मूळ पत्रात 'कुणामुळे' यावर पानभर मजकूर आहे आणि 'आता काय' हे शेवटच्या ओळीत आलंय. त्यावरून घरातलं वातावरण कळलं. मुलीचं काही बिघडलं की आधी आईची उलटतपासणी, ही आपल्याकडची जुनी रीत.

वाकड्या दातांचं कारण शोधताना मी आधी एवढंच बघते की ते कारण अजून चालू आहे का. काही कारणं घडून गेलेली असतात, त्यांच्यावरून भांडून दात तसूभरही हलत नाही. काही मात्र आज रात्रीही आपलं काम करणार असतात. तुमच्या लेकीच्या तोंडात दोन्ही जातीची कारणं आहेत, आणि घरात वाद चाललाय तो नेमका घडून गेलेल्यांवरून.

माहेरचा विषय आधी संपवू. जबड्याची ठेवण घराण्यात चालत येते, यात खोटं काही नाही. खालचा जबडा पुढे असणं हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. युरोपातल्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या तैलचित्रांत पिढ्यान्‌पिढ्या तोच पुढे आलेला जबडा दिसतो. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस १७०० साली वारला, त्याला तर त्या जबड्यापायी धड चावताही येत नसे. नात्यातल्या नात्यात लग्नं लावत राहिल्याने ती ठेवण पक्की होत गेली. तुमच्या मुलीचं प्रकरण त्यातलं नाही. तिचे वरचे दात पुढे आहेत, आणि त्यात वारशाचा वाटा असला तरी तो एकटा नसतो.

सासूबाईंचा 'जबडा एका घरचा, दात दुसऱ्या घरचे' हा युक्तिवाद मात्र अगदीच उडवून लावण्यासारखा नाही, कारण एके काळी तो शास्त्रज्ञांनाही पटला होता. अमेरिकेत चार्ल्स स्टॉकार्ड यांनी निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांचे संकर केले आणि पिल्लांचे दात-जबडे भलतेच विजोड निघाले. १९४१ साली ते काम प्रसिद्ध झालं आणि लोकांनी तेच गणित माणसांना लावलं. पण त्या कुत्र्यांपैकी काही जातींत हाडांची वाढ खुंटवणारा दोष मुळातच होता, माणसांत तो क्वचितच असतो. पुढे हवाई बेटांवरच्या मुलांचे दात तपासले गेले. तिथे चिनी, जपानी, पॉलिनेशियन, युरोपीय अशी सगळी सरमिसळ आहे. एकाचे दात आणि दुसऱ्याचा जबडा मिळून गोंधळ व्हायचाच, तर तो तिथे उठून दिसायला हवा होता. तसा तो दिसला नाही. तेव्हा कराडमधल्या कराडमध्ये जमलेल्या तुमच्या सोयरिकीला दोष देण्यात अर्थ नाही.

मला स्वतःला चंडीगडचं काम जास्त विचार करायला लावतं. रॉबर्ट कोरुचिनी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात चंडीगड शहरातली आणि आसपासच्या खेड्यांतली पंजाबी मुलं यांच्या दातांची तुलना केली. लोक तेच, रक्त तेच, पण शहरातल्या मुलांत दात वेडेवाकडे असण्याचं प्रमाण जास्त. खेड्यातल्या मुलांचं खाणं भरडं, चिवट, चावून चावून गिळायचं. शहरातल्यांचं मऊ. जबड्याचं हाड वापराने वाढतं आणि वाढत्या वयात त्याला काम कमी पडलं तर दातांना जागा कमी पडते, असं त्यांचं म्हणणं. हे सगळ्याच तज्ज्ञांना जसंच्या तसं मान्य नाही. पण दोन पिढ्यांत आपलं खाणं भाकरी-ठेच्याकडून पाव-बिस्किटाकडे सरकलं, हे डोळ्यांपुढे आहे. आता म्हणून उद्यापासून लेकीच्या हातात उसाचं कांडं दिलंत तर वाकडे दात सरळ होतील, असं मात्र समजू नका. व्हायचा तो परिणाम लहानपणी, हळूहळू होतो. तिला भाकरी, गाजर, पेरू, हरभरे जरूर खायला द्या, पण औषध म्हणून नको.

तर वारसा मिळाला तो दोन्हीकडून मिळाला. ते झालं, सोडा.

आता त्या काढलेल्या दाढेकडे येऊ. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात उरकलीय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते.

'दुधाचाच दात आहे, आज ना उद्या पडणारच' हे वाक्य मी रोज ऐकते. पुढच्या दातांच्या बाबतीत ते चालून जातं. दाढांच्या बाबतीत नाही. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या चावायचं काम करतातच, पण खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा धरून बसलेल्या असतात. आपण एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो, तसा तो रुमाल. तुमच्या लेकीचा रुमाल सातव्या-साडेसातव्या वर्षीच उचलला गेला आणि सीटवर बसायचा माणूस अकरा-बाराव्या वर्षी येणार आहे.

मधल्या काळात तिथे शेजारचा सरकतो. सहाव्या वर्षी सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी मोठी दाढ येते. ती कुठल्याही दाताच्या जागी येत नाही, काही पडत नाही, दुखत नाही, त्यामुळे बहुतेक आयांना ती आलेली कळतच नाही आणि कळली तरी दुधाचीच वाटते. ती कायमची असते, आयुष्यभराची. ह्या दाढेचा कल पुढे सरकण्याकडे असतो. पुढे दुधाची दाढ असली की ती अडते, नसली की ती कलंडत, वळत मोकळ्या जागेत येते. जागा अरुंद होते. मग बाराव्या वर्षी खालून येणारी उपदाढ (दुधाच्या दाढेच्या जागी येणारी कायमची छोटी दाढ) एक तर हाडातच अडकते, नाही तर जिभेच्या बाजूने वाकडी बाहेर येते. मिस्टरांना धास्ती आहे ती 'चांगला दात काढण्याची' वेळ बऱ्याच मुलांवर अशीच येते.

हे घरी बघता येतं. मुलीला उजेडात बसवा, मोठ्ठा 'आ' करायला सांगा आणि खालच्या जबड्याची डावी-उजवी बाजू ताडून बघा. डावीकडे ती दाढ अजून जागेवर असेल. तिची रुंदी आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेची रुंदी नजरेने ताडा. उजवीकडची जागा चिंचोळी वाटली किंवा मागची मोठी दाढ पुढे झुकलेली दिसली, तर सरकणं सुरू झालंय. जागा अजून शाबूत असेल तर उत्तमच, पण मग पुढची सुट्टी लागेपर्यंत थांबू नका. डॉक्टरांना 'स्पेस मेंटेनर'बद्दल विचारा. मागच्या दाढेला एक स्टीलची कडी आणि तिला जोडलेला तारेचा फास, एवढंच ते असतं. भूल नाही, टोचणं नाही, दोन भेटींत काम होतं. खालची उपदाढ डोकं वर काढू लागली की ते काढून टाकतात. जागा आधीच गेलेली असेल तर ती परत मिळवायची प्लेट वेगळी असते, आणि तेही ह्या वयात सोपं जातं. आधी एक एक्स-रे मात्र हवा. खाली उपदाढ आहे की नाही ते बघायला हवं, कारण काही मुलांत नेमकी तीच जन्मतः तयार झालेली नसते. तसं असलं तर सगळा विचार बदलतो.

डावीकडच्या दाढांत, दोन दाढांच्या मधल्या फटीत कीड आहे का, तेही त्याच भेटीत पाहून घ्या. दुधाच्या दाढेची कीड मुळापर्यंत गेली तरी दर वेळी ती काढावी लागत नाही. आतली नस साफ करून वर स्टीलची टोपी बसवता येते. टोपी चांदीसारखी चमकते आणि आजीला आवडत नाही, पण काम चोख करते.

खालच्या चार दातांच्या गर्दीचं म्हणाल तर ती आत्ता थोडीफार असणं नैसर्गिक आहे. दुधाच्या चार बारक्या दातांच्या जागी चार रुंद दात येतात आणि आठव्या-नवव्या वर्षी ते दाटीवाटीने उभे असतात. शिवाय दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. त्या पडल्या की खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला साधारण दोन मिलिमीटर जागा मोकळी होते. तो बोनस योग्य वेळी धरून ठेवला तर हलकी गर्दी त्यातच सुटते. पुन्हा दुधाच्या दाढाच आल्या, बघा. काहींच्या खालच्या दातांची दुहेरी रांग दिसते, दुधाचे पुढे आणि नवे मागे. दुधाचा हलू लागला असेल तर तो आपोआप पडतो आणि जीभ मागच्या दाताला पुढे ढकलते.

अंगठ्याची गोष्ट वेगळी, कारण हे कारण अजून चालू आहे. दात जोराने हलत नाहीत, वेळेने हलतात. दिवसभरात दोनदा जेवताना दातांवर केवढा तरी दाब पडतो, तरी ते जागचे ढळत नाहीत, कारण तो क्षणभराचा असतो. अंगठ्याचा दाब हलका, पण तासन्‌तास. दिवसाचे सहा-एक तास असा दाब राहिला तर दात हलू लागतात, असा साधारण ठोकताळा आहे, आणि झोप तर आठ-नऊ तासांची. अंगठा वरचे दात पुढे लोटतो, खालचे मागे दाबतो. जीभ टाळूवरून खाली उतरते, गाल आत ओढले जातात आणि वरचा जबडा रुंदीला आवळला जातो. दात मिटल्यावरही पुढच्या वरच्या-खालच्या दातांच्या मधे फट राहते ती ह्यातूनच.

सकाळी उठल्या उठल्या तिचे दोन्ही अंगठे बघा. एक नेहमीसारखा आणि दुसरा स्वच्छ, पांढरट, सुरकुतलेला, सांध्यावर घट्टा पडलेला असेल तर झोपेतलं चोखणं बराच वेळ चालतंय. घट्टा नसेल तर तिने ते जवळजवळ सोडलंय.

सोडवण्यासाठी मिरची, कारल्याचा रस, कडुनिंब, शेजारणीसमोर लाजवणं, ह्यातलं काही करू नका. साडेआठ वर्षांच्या मुलीला ते सोडायचंच असतं, झोपेत तिचा इलाज चालत नाही. तिलाच सामील करून घ्या. रात्री हातात सुती मोजा घालायचा, कोपराला सैलसर पट्टी गुंडाळायची म्हणजे हात दुमडला की जाग येते, सकाळी अंगठा कोरडा निघाला तर कॅलेंडरवर टिकली लावायची. महिना-दोन महिने सलग गेले की बहुतेकींचं सुटतं. नाहीच सुटलं तर वरच्या दाढांना कडी बसवून टाळूजवळ तारेची जाळी लावतात, म्हणजे अंगठा तोंडात गेला तरी चोखण्यातली मजा जाते. ही शिक्षा नव्हे, हे तिला आधी समजावून सांगायचं. अंगठा लवकर सुटला तर पुढे आलेले दात ओठांच्या दाबाने थोडेफार आपणहून मागे येतात. वय वाढेल तसं हे कमी होतं, म्हणून यात दिरंगाई नको.

तोंड उघडं ठेवून झोपण्याबद्दल जरा जपून लिहिते, कारण समाजमाध्यमांवर ह्या विषयाचा बाजार झालाय. १९७०च्या दशकात एगिल हार्वोल्ड यांनी माकडांच्या नाकात बूच बसवून त्यांना तोंडाने श्वास घ्यायला लावलं, तेव्हा त्यांचे दात-जबडे बिघडले, पण प्रत्येकाचे वेगळ्याच तऱ्हेने. माणसाच्या पिल्लाचं नाक असं ठार बंद क्वचितच असतं. तेव्हा 'तोंडाने श्वास म्हणजे दात पुढे येणारच' असं सरळ समीकरण नाही. तरी सर्दी सतत, घोरणं, झोपेत तळमळणं, दिवसा पेंगणं, ह्यातलं काही असेल तर दातांच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. नाकामागची ॲडेनॉइडची गाठ साधारण तीन ते सात वर्षांत सगळ्यात मोठी असते आणि पुढे आपोआप आक्रसते. तुमच्या मुलीच्या वयाला धुळीची ॲलर्जीही तितकीच शक्य आहे. नाक मोकळं असूनही ओठ उघडे राहत असतील, तर कदाचित उलट घडतंय. दात पुढे असल्याने ओठच मिटत नाहीत. झोपताना मुलांच्या तोंडावर चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरतात, ते कृपा करून घरात आणू नका. तोंडात धरायचे रबरी 'ट्रेनर' ऑनलाइन मागवून देणं आणि जीभ टाळूला चिकटवून जबडा घडवण्याचे धडे, ह्यांनाही भक्कम पुरावा नाही.

मधली फट तूर्त तशीच राहू द्या. सात ते अकरा-बारा वर्षांच्या काळात वरच्या दोन दातांत फट दिसणं आणि दात बाहेरच्या बाजूला फाकलेले दिसणं फार सामान्य आहे. होली ब्रॉडबेंट यांनी १९३७ साली ह्या अवस्थेला बदकाच्या कुरूप पिल्लाची अवस्था म्हटलं, ते नाव अजून चालतं. वर हाडात चढलेले सुळे शेजारच्या दातांच्या मुळांना रेटतात म्हणून दातांची टोकं फाकतात. सुळे उतरले की फट बहुधा मिटते. कुणी वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी पट्टी आत्ताच कापू म्हटलं तर सुळे येईपर्यंत थांबायला सांगा. दहाव्या वर्षी मात्र वरच्या हिरडीवर, सुळ्याच्या जागी बोट फिरवून फुगवटा लागतो का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. अकरापर्यंत तो लागला नाही तर सुळा वाट चुकला असू शकतो. तेव्हा एक्स-रे काढून दुधाचा सुळा वेळेत काढला तर पुष्कळदा आतला आपली वाट सुधारतो.

आता तुमचे दोन डॉक्टर. ते एकमेकांच्या विरुद्ध बोलत नाहीयेत. वरचे दात पुढे असलेल्या मुलांवर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडा इथे, आणि ब्रिटनमध्ये नीट आखलेल्या चाचण्या झाल्या. काही मुलांना लहानपणीच उपकरण दिलं आणि पुढे ताराही लावल्या, काहींना थेट किशोरवयात एकदाच उपचार दिले. शेवटी दोन्ही गटांचे दात-जबडे जवळपास सारखेच निघाले. फरक एका गोष्टीत पडला. लवकर उपचार मिळालेल्यांचे पुढचे दात पडून-आपटून मोडण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे फक्त दात सरळ दिसण्यासाठी आत्ता प्लेट लावली तर बहुधा खर्च दोनदा आणि फळ तेवढंच. दात फारच पुढे असतील, खालच्या ओठावर टेकत असतील, मुलगी खो-खो-कबड्डीत धडपडणारी असेल किंवा शाळेतल्या चिडवण्याने तिचं हसणं बंद झालं असेल, तर आत्ता प्लेट लावायला सबळ कारण आहे. पहिल्या डॉक्टरांना एवढंच विचारा, प्लेट कशासाठी? उत्तर 'वरचा जबडा आवळलाय आणि दात मिटताना खालचा जबडा एका बाजूला सरकतो' असं आलं तर होकार द्या. ते लवकर सुधारलेलं बरं. 'दात सरळ करायला' एवढंच असलं तर माझं मत दुसऱ्या डॉक्टरांकडे झुकतं. 'तोवर काही नको' हे त्यांचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. दाढेची जागा आणि अंगठा ही दोन कामं बारापर्यंत थांबणारी नाहीत.

दात मोडण्यावरून आठवलं. पुढचा कायमचा दात पडून मुळासकट बाहेर आला तर मुळाला हात लावू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरा, माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धुवा आणि जमलं तर लगेच त्याच जागी बसवा. नाही जमलं तर पेलाभर दुधात घालून तासाच्या आत दंतवैद्य गाठा. रुमालात गुंडाळलेला, सुकलेला दात वाचवणं अवघड असतं. (दुधाचा पडला तर तो परत बसवायचा नाही.)

मिस्टरांना सांगा, वरचा दात काढल्याने डोळे अधू होत नाहीत. दातांच्या नसा वेगळ्या, दृष्टीची नस वेगळी. ही समजूत इतकी पसरलीय की सत्तरीतले लोक आधी मोतिबिंदूचं ऑपरेशन करून मग दाढ काढायला येतात. तारा लावताना चार उपदाढा काढाव्या लागतात तेही प्रत्येकाच्या बाबतीत नाही. गर्दी फार असेल किंवा दात फार पुढे असतील तरच, आणि तो निर्णय बारा-तेराव्या वर्षी ओपीजी (सगळे दात एकत्र दाखवणारा) एक्स-रे आणि जबड्याचे साचे बघून होतो. आज त्यापायी झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

खर्चाचा तुम्ही शब्द काढला नाहीत, पण तोही असणारच. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे तारांचा वेगळा विभाग असतो आणि खासगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत काम होतं. मात्र रांग असते आणि दर महिन्याची खेप टळत नाही. कराडहून मुंबईला दर महिन्याला दोन वर्षं जाणं कितपत परवडतं, ते आधी मांडून बघा. स्पेस मेंटेनरसाठी इतक्या लांब जायची गरज नाही. गावातल्या बालदंतरोगतज्ज्ञांकडे ते होतं.

सासूबाईंचं राहिलं. वयाने दात आपोआप पसरत नाहीत. मोठेपणी पुढच्या दातांत नव्याने फटी पडणं, ते लांब दिसू लागणं, हे बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजाराचं लक्षण असतं. दाताभोवतीचं हाड झिजलं की ओठ-जिभेचा रोजचा साधा दाबही दाताला पुरतो. त्यात आधी पडलेल्या दाढा बसवून घेतल्या नसतील तर चावण्याचा सगळा भार पुढच्या दातांवर येतो. त्या मशेरी लावतात का, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि सुनेने विचारायचं म्हणजे पंचाईत. मुलीला दाखवायला न्याल तेव्हा त्यांनाही सोबत न्या. हिरड्या तपासून घेऊ म्हणावं, आणि मशेरीचं काय ते डॉक्टरांनाच बोलू द्या.

तुमची
दंतवैद्य ताई

ता. क. वरचे दात आधी आले म्हणून मामाला काही होत नाही. तुमच्या भावाला निश्चिंत राहायला सांगा. दातांचा क्रम मुलागणिक थोडा इकडेतिकडे होतोच. धाकट्याच्या बाबतीत लक्ष द्यायचं ते रात्रीच्या बाटलीकडे. साखर घातलेलं दूध तोंडात घेऊन तो झोपत असेल तर नेमके वरचे पुढचे दातच आधी किडतात, म्हणून साखर बंद करा आणि बाटली झोपण्याआधी संपवा. दात आलेत तर रोज रात्री ओल्या मऊ फडक्याने किंवा बाळांच्या ब्रशने पुसून घ्या. चावायला यायला लागलं की भातही फार मऊ कालवू नका, पोळीचा तुकडा, उकडलेलं गाजर हातात द्या. शेंगदाणे, फुटाणे मात्र चार वर्षांचा होईपर्यंत नकोत, घशात अडकतात.